झारा, घासणी आणि मोटारीचं इंजिन

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटवर आणि एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर जो पिवळट चिकट थर साचतो ना, तो येतो कुठून याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? विचार करायला वेळ कुणाला असतो म्हणा! दिवाळीच्या आधी सोड्याच्या गरम पाण्यानं तो खरवडायचा आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरायचा, एवढंच आपण करतो. पण कढईतलं तेल तापतं, त्याचे अगदी बारीक कण वाफेबरोबर वर जातात, गार जागा सापडली की तिथं चिकटतात आणि मग त्यावर धूळ बसते. हेच सगळं मोटारीच्या इंजिनातही घडतं. आणि त्यावरचा उपाय आपल्या ओट्यावरच्या वस्तूंनी करता येतो, हे मला गेल्या वर्षी कळलं. "मोटारीचं आणि आमचं काय?" असं म्हणून पान उलटू नका. ह्या प्रकरणात माझे बी.एड्.चे पैसे गुंतलेले होते.

आमच्याकडे डिझेलवर चालणारी एक छोटी गाडी आहे. बारा वर्षांची, तीही दुसऱ्या हातची. हे शिरोलीच्या कारखान्यात जातात ते कंपनीच्या बसनं. गाडी असते ती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आणि माझ्या आईसाठी. आई आजऱ्याकडे एकटी राहते. पंधरा दिवसांतून एकदा तिची औषधं, किराणा आणि आमची तोंडं असं सगळं घेऊन आम्ही जातो. पावसाळ्यात त्या रस्त्याला बस पकडून म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात आणणं म्हणजे काय, हे ज्यांची माहेरं तिकडं आहेत त्यांना सांगायला नको. म्हणजे ही गाडी काही आमची मिरवायची वस्तू नव्हे.

तर ह्या गाडीनं चढावर काळा धूर सोडायला सुरुवात केली. ताकदही कमी झाली. आंबोलीकडे जाणाऱ्या ट्रका आम्हाला मागं टाकून पुढं जायला लागल्या, तेव्हा हे एका मोठ्या गॅरेजात गाडी घेऊन गेले. तिथल्या माणसानं बॉनेट उघडून एक जाड रबरी नळी सोडवली, आत बोट फिरवलं आणि तेलानं माखलेलं बोट ह्यांच्यापुढं धरलं. "रिंगा गेल्यात साहेब. इंजिन खोलावं लागेल. बावन्न हजार धरून चाला."

आता माझी गोष्ट. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. एका खाजगी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जितके तास तितका पगार, आणि मे महिन्यात शून्य. बी.एड्. नसल्यामुळं कायम होण्याचा प्रश्नच नाही. म्हणून तीन वर्षं पोस्टात महिन्याला दीड हजार टाकत आले होते. धाकटा पाचवीत गेला की बी.एड्. करायचं, असं घरात ठरलं होतं. आता हा कोर्स दोन वर्षांचा झाला आहे, त्यामुळं खर्चही तसाच. पोस्टातली रक्कम झाली होती चोपन्न हजार आणि वर व्याज. त्या रात्री जेवताना हे पैशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आणि न बोलण्याचा अर्थ काय असतो, तो तुम्हाला समजावून सांगायला नकोच. सासूबाई मात्र स्पष्टच म्हणाल्या, "गाडी काय पुढच्या वर्षी दुरुस्त व्हायची नाही. शिक्षण होईल की पुढच्या वर्षी."

मी फक्त एवढंच म्हटलं, की आणखी एका माणसाला दाखवू या.

धाकटे भावोजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये आहेत. कोल्हापुरातल्या आपल्या मैत्रिणींना उद्यमनगर म्हणजे काय ते माहीतच आहे. नवख्यांसाठी सांगते. सकाळी दहाच्या सुमारास शिवाजी उद्यमनगरातून चालत गेलात तर एका दारात लेथ, दुसऱ्या दारात वेल्डिंग, तिसऱ्या दारात ओतकामाचे साचे, आणि सगळीकडे तापलेल्या लोखंडाचा वास. शाळेत फार न शिकलेल्या माणसांनी हे उभं केलं. म्हादबा मेस्त्रींनी इथं ऑइल इंजिन घडवलं, ते नाव आजही इथल्या कारागिरांच्या तोंडी असतं. उसाला पाणी द्यायचं तर नदीवर पंप हवा, पंपाला इंजिन हवं, आणि बिघडलेल्या इंजिनाला मेस्त्री हवा. ह्या गरजेतून आमच्या गावात इंजिनाची विद्या घरोघर पोचली. जरा दूर किर्लोस्करवाडीला १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर नांगराचा कारखाना निघाला आणि त्याच माळावरून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. लोखंड आणि बायकांचं मासिक यांचं हे नातं आपल्याकडं जुनंच आहे, हे आमच्या शाळेतल्या मुलींना मी मुद्दाम सांगते.

भावोजींनी आम्हाला ज्या मेस्त्रींकडं नेलं ते सत्तरीच्या पुढचे. धोतर, वर खाकी शर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी गाडीकडं बघायच्या आधी मला विचारलं, "बाई, गाडी त्याल किती पिती?"

ह्या प्रश्नाचं उत्तर ह्यांच्याकडं नव्हतं, माझ्याकडं होतं. माझी हिशेबाची वही! दूध, पेपर, गॅस यांच्याखाली गाडीचंही पान असतं. दोन वर्षांतल्या सगळ्या नोंदी मी वाचून दाखवल्या. इतक्या किलोमीटरला तेल बदललं, अमुक इतके लिटर भरलं. मधल्या काळात वरून तेल घातल्याची एकही नोंद नव्हती. मेस्त्री हसले. "रिंगा गेल्या असत्या तर गाडीनं त्याल प्यालं असतं. ह्यात तर येक थेंब वरनं घाटलेला न्हाई. मग रिंगा गेल्या कशा म्हंता?"

मग त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं. वरचं तेल भरायचं झाकण काढून ते उलटं करून भोकावर नुसतं ठेवलं. झाकण जरासं थरथरत राहिलं. "रिंगा खलास असल्या की ह्ये नाचतंय, उडून बी पडतंय, आन् भोकातनं चुलीसारखा धूर येतोय. ह्ये बघा, निसतं हलतंय." सगळ्या इंजिनांना ही परीक्षा सारखी लागू पडते असं नाही, आणि खात्री करायची तर कॉम्प्रेशन मोजण्याचं यंत्र असतं. त्यांनी तेही लावून बघितलं. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले.

"मग नळीत तेल आलं कुठून?" मी विचारलं. विद्यार्थिनींना मी नेहमी सांगते की समजलं नाही तर विचारा, तेव्हा स्वतः गप्प कशी बसणार? मेस्त्रींनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते.

सिलिंडर म्हणजे एक नळी. तिच्यात पिचकारीच्या दट्ट्यासारखा पिस्टन मागं-पुढं होतो आणि त्याच्या अंगावर धातूच्या रिंगा असतात. वर डिझेल पेटलं की त्या दाबानं दट्ट्या खाली जातो. रिंगा कितीही नव्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या बाजूनं निसटून खाली उतरतोच. खाली असतं इंजिनाचं तेल, गॅरेजवाले त्या जागेला चेंबर म्हणतात. तिथं फिरत्या दांड्यानं तेल सारखं घुसळलं जात असतं, जसं आपलं ताक. गरम तेलाचं धुकं तयार होतं. त्यात वरून आलेला वायू, पाण्याची वाफ, थोडं न जळलेलं इंधन. ह्या सगळ्याला बाहेर जायला वाट दिली नाही तर दाब वाढतो, सीलमधून तेल गळतं, तेल मोजायची पट्टी आपोआप वर उचलली जाते. म्हणून इंजिनाला वर एक नळी ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. कुकरला शिट्टी असते तशीच समजा.

पूर्वी ही नळी सरळ गाडीखाली सोडून देत. सगळं रस्त्यावर! पुढं अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुराचं पांघरूण पडायला लागलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी शोध घेतला. मोटारीतून जे न जळलेले इंधनवायू बाहेर पडतात, त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे तर ह्या एका नळीतून येतो, असं दिसून आलं. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत ही नळी परत इंजिनाच्याच तोंडात नेऊन जोडायला सुरुवात झाली. तुझी घाण तूच जाळ! आज आपल्याकडच्या गाड्यांतही असंच असतं, आणि ते योग्यच आहे.

पण मग ते तेलाचं धुकं इंजिन स्वतःच श्वासात घेतं. आमच्यासारख्या टर्बोवाल्या डिझेल गाडीत ते टर्बोमधून, पुढं हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमधून आणि मग आत जातं. वाटेत नळीच्या भिंतींना थोडं तेल लागतंच. गॅरेजवाल्याच्या बोटाला लागलं ते हे. त्यात आणखी एक गोष्ट. धुरातले नायट्रोजनचे वाईट वायू कमी व्हावेत म्हणून हल्लीच्या गाड्या सायलेन्सरकडं जाणारा थोडा धूर परत आत घेतात. त्या धुरात असते काजळी. आता तुम्हीच सांगा, निरांजनाची काजळी तुपात खलली की काय होतं? काजळ! इंजिनाच्या हवेच्या वाटेत हेच काजळ वर्षानुवर्षं लिंपलं जातं आणि वाट अरुंद होत जाते. मेस्त्रींनी आमच्या गाडीचा तो भाग सोडवला तेव्हा आत खरोखरच बोटभर डांबर होतं.

धुराच्या रंगाबद्दलही त्यांनी सांगितलं, ते वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे. निळसर धूर दिसला तर इंजिन तेल जाळतंय. काळा असेल तर डिझेलला हवा पुरत नाही. आणि इंजिन चांगलं तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर रेडिएटरचं पाणी आत जात असण्याचा संभव. आमचा धूर काळा. म्हणजे शोधायचं होतं ते हवेच्या वाटेत. आणि सापडलंही. काजळ तर होतंच, पण इंटरकूलरच्या एका नळीला खालच्या अंगाला बोटाएवढी चीर होती. टर्बोनं दाबलेली हवा तिथून सुटून जात होती. नळी नवी घातली, चौदाशे रुपये. काजळ साफ केलं, अडीच हजार.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मेस्त्री म्हणाले, "ह्ये परत साचणार. बसवायचा का डबा?"

डबा म्हणजे ऑइल कॅच कॅन. तयार मिळतात, स्वस्तातले आणि महागातले. स्वस्तातले बरेचसे आतून नुसते पोकळ असतात, एका नळीतून धुकं आत येतं आणि दुसऱ्या नळीतून तसंच्या तसं बाहेर जातं. मेस्त्रींनी असला एक उघडून दाखवला आणि बाजूला फेकला. नुसता डबा उपयोगाचा नाही, धुक्याला अडवणारं काहीतरी आत हवं. भात शिजताना झाकणाला आतून थेंब धरतात ना, तसा गार पृष्ठभाग हवा, आणि तोही भरपूर. त्यांनी ह्यांना विचारलं, "घासणी कुठली वापरता घरात?" हे माझ्याकडं बघायला लागले.

तर आमचा डबा असा झाला. तीन इंच जाडीच्या स्टेनलेस पाइपचा सहा-सात इंचांचा तुकडा. खालून बूड वेल्ड करून बंद. वर झाकण, सहा बोल्टांचं, मध्ये तेलानं न विरघळणाऱ्या रबराचं पॅकिंग. घरातला स्टीलचा पोहे ठेवायचा डबा नेऊ का असं भावोजींनी विचारलं होतं, पण दाबून बसणारं झाकण हवा धरत नाही. आणि प्लॅस्टिकची बरणी तर बॉनेटखालच्या उष्णतेत टिकणारच नाही. आत येणारी नळी डब्यात खोलवर उतरवलेली, बाहेर जाणारी अगदी वरच्या टोकाला. मधल्या भागात आमच्या माळ्यावर पडलेला बुंदीचा झारा कामी आला. दांडा कापून त्याची चकती आत बसवली, तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या दोन घासण्या, आणि वर आणखी एक भोकांची चकती. म्हणजे धुकं खालून येणार, झाऱ्यातून वर चढणार, घासणीच्या तारांना थेंब होऊन चिकटणार आणि तळाशी गळणार. वरून जाईल ती बरीच कोरडी हवा. ज्यांच्याकडं विजेची चिमणी आहे त्यांनी तिची जाळी आणि खालची तेलाची वाटी आठवावी, तत्त्व तेच.

घासणीबद्दल मात्र मेस्त्रींनी कडक बजावलं. लोखंडी काथ्यासारखी बारीक घासणी असते ती अजिबात नको. ती गंजते, तिचे तुकडे सुटतात, आणि एक तुकडा जरी टर्बोत गेला तर बावन्न हजारसुद्धा कमी पडतील. सलग तारेची, वेटोळ्यांची, चुंबक लावून बघितलेली स्टीलची घासणी घ्यायची आणि ती दोन चकत्यांत जेरबंद करायची. बोहारणीला दोन साड्या देऊन मी जेवढी घासाघीस करत नाही तेवढी मी लक्ष्मीपुरीत त्या दोन घासण्यांसाठी केली. दुकानदार म्हणाला, "वहिनी, भांडीच घासायची हायत न्हवं?"

नळ्याही मूळच्या जाडीच्याच घेतल्या. बारीक नळी घेतली तर श्वास कोंडतो. बागेला पाणी घालायची हिरवी नळी काही लोक वापरतात म्हणे. तेलानं ती मऊ पडते, उष्णतेनं चपटी होते आणि वाट बंद. तेल आणि उष्णता सोसणारी नळीच हवी, आणि प्रत्येक जोडाला स्क्रूची क्लिप. डबा बसवला पुढच्या बाजूला, वारा लागेल अशा ठिकाणी, सायलेन्सरच्या तापत्या नळीपासून लांब. मूळचाच एक बोल्ट वापरून पट्टी लावली, बॉडीला नवं भोक पाडलं नाही. इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही, म्हणून नळ्यांना थोडा ढिलेपणा ठेवला. तळाला पितळी तोटी. वेल्डिंग, लेथचं काम, नळ्या, सगळं मिळून साडेअकराशे रुपये. झाऱ्याचे पैसे मेस्त्रींनी कापून दिले नाहीत, हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. झारा त्यांच्या लग्नातला होता!

एक गोष्ट इथं मुद्दाम लिहिते. मोबाइलवर असल्या कामाचे पुष्कळ व्हिडिओ आहेत. त्यांतले काहीजण डब्याची बाहेर जाणारी नळी परत इंजिनाला न जोडता खुशाल उघडी सोडतात. काम सोपं होतं, इंजिन स्वच्छ राहतं, आणि घाण आपल्या मागच्या स्कूटरवालीच्या नाकात! साठ वर्षांपूर्वी सोडून दिलेली पद्धत हौसेनं परत आणायची, याला काय म्हणावं? आमची नळी परत मूळ जागी जोडलेली आहे. शिवाय कुठलाही जोड ढिला राहिला तर तिथून गाळणीतून न आलेली धूळ आत जाते. साखर कारखाने चालू असताना आपल्या रस्त्यांवर किती धूळ असते ते आपण जाणतोच.

आणि डबा बसवून विसरायचा नाही. हे सर्वांत महत्त्वाचं. डिझेल इंजिनाला डिझेलच लागतं असं नाही, तेलाच्या धुक्यावरही ते पेटतं. डबा काठोकाठ भरला आणि वळणावर किंवा चढावर त्यातलं तेल एकदम आत ओढलं गेलं, तर इंजिन त्या तेलावर आपोआप भरधाव फिरायला लागतं, आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. एरवीही, ज्यांचं इंजिन फार झिजलं आहे त्यांच्याकडं असं होऊ शकतं. म्हणून डबा रिकामा करण्याचं काम ह्यांच्यावर न सोपवता मी माझ्याकडं ठेवलं आहे. पुरुषांच्या 'करतो की रविवारी'वर माझा विश्वास नाही.

पहिल्यांदा मेस्त्रींनी पाचशे किलोमीटरला बघायला सांगितलं. इंजिन गार असताना तोटी उघडून मुलाच्या औषधाच्या जुन्या मापात धरलं. पंधरा मिलिलिटर! चहाचे तीन चमचे. हे तर म्हणाले, "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" पण मला ते तीन चमचे बघून जो आनंद झाला तो कसा सांगू! रिंगा गेलेल्या असत्या तर तिथं पेलाभर निघालं असतं. बावन्न हजारांची गरज नव्हती, याचा पुरावा माझ्या हातात होता, आणि तोही औषधाच्या मापात मोजलेला.

श्रावणात मात्र एकदा घाबरले. पस्तीस मिलिलिटर निघालं, आणि तेही फाटलेल्या दुधाच्या चहासारखं, करडं, ढगाळ. रेडिएटरचं पाणी तेलात मिसळतंय की काय? मी ते काचेच्या बाटलीत दोन दिवस उभं ठेवलं. बरंचसं पाणी तळाला बसलं, वर काळपट तेल. इंजिनाच्या तेलाची पट्टी बघितली तर ते तेल नेहमीसारखंच, ढगाळ नव्हतं. रेडिएटरचं पाणीही उतरलं नव्हतं. मेस्त्रींना फोन केला. "पावसात जवळजवळच्या फेऱ्या मारल्या व्हय?" ते म्हणाले. खरंच, आई आमच्याकडं राहायला आली होती आणि गाडी पंधरा दिवस शाळा, दवाखाना, मंडई एवढीच फिरत होती. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, वाफ आतल्या आत गार होते, आणि ती डब्यात उतरते. लांबचा एक प्रवास झाला की कमी होईल म्हणाले. आजऱ्याची फेरी झाली आणि पुढच्या वेळी अकराच मिलिलिटर निघालं. पण पट्टीवरचं तेल दुधी दिसलं असतं किंवा रेडिएटरमधलं पाणी कमी होत असतं, तर मात्र गाडी तिथल्या तिथं थांबवायची. डब्यातलं आणि चेंबरमधलं असा हा फरक आहे.

जे निघतं ते परत इंजिनात ओतायचं नाही, त्यात पाणी आणि डिझेल असतं. मोरीत तर नाहीच नाही. आपली पंचगंगा आधीच पुरेसं सोसते आहे. मी एका डब्यात साठवते आणि भावोजी वर्कशॉपच्या जळक्या तेलाच्या पिंपात नेऊन टाकतात. हाताला लावून घेऊ नका, ते कातडीला वाईट. जुने हातमोजे घाला आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. आणि हो, ते औषधाचं माप आता कायमचं गॅरेजचं झालं, स्वयंपाकघरात परत आणायचं नाही.

ह्या डब्यामुळं गाडीचं मायलेज वाढलं का? नाही. ताकद? ती आली नव्या नळीमुळं आणि सफाईमुळं. डबा फक्त पुढची घाण कमी करतो, तीही फक्त तेलाची, काजळी येतच राहते. आणि झिजलेलं इंजिन त्यानं बरं होत नाही. हे मी लिहिते कारण माझ्या दिरांनी आता दहा जणांना सांगितलं आहे की वहिनीच्या झाऱ्यानं इंजिन वाचलं! इंजिन मुळात बिघडलेलंच नव्हतं.

पोस्टातले पैसे जागच्या जागी आहेत. बी.एड्.च्या सी.ई.टी.चा अर्ज मी भरला. रात्री मुलं झोपली की अंकगणिताची आणि तर्कशक्तीची पुस्तकं उघडते, सासूबाई टी.व्ही.चा आवाज कमी करतात. त्यांनी तोंडानं काही म्हटलेलं नाही, पण परवा शेजारणीला सांगत होत्या, "आमची सूनबाई परीक्षेला बसतीय."

ही शेजारीण म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्याकडं दिवाळीत नवीकोरी पेट्रोलची गाडी आली. त्यांनी झाऱ्याची गोष्ट ऐकली आणि हट्ट धरला की आम्हालाही असा डबा पाहिजे. मी त्यांना मेस्त्रींकडं घेऊन गेले. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, बघितलं आणि परत लावलं. "ह्या इंजिनात पेट्रोल वाल्व्हवरच पडतंय, ते धुऊन निघत्यात. आन् गाडी वॉरंटीत हाय. आपण हात लावला की कंपनी म्हणंल, आता तुमचं तुम्ही बघा. धा वर्सानी या." काकू अजून माझ्यावर थोड्या रागावलेल्या आहेत. मी मेस्त्रींना सांगून दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम घालवलं, असं त्यांना वाटतं. त्यांनी आणलेल्या दोन स्टीलच्या घासण्या त्यांनी मला देऊन टाकल्या. एक मी ओट्यावर काढली आहे, दुसरी पुढच्या पावसाळ्यात डब्यात बदलायला ठेवली आहे.